लग्न वैशाखात आहे, लेझर कधी सुरू करू?

प्रश्न, थोडक्यात: मी देवगडजवळच्या गावातली, घरी आंब्याची कलमं, वय २५, कणकवलीला बँकेत नोकरी. वैशाखात लग्न आहे. हनुवटीवर आणि गळ्यावर जाड केस येतात, दर आठ-दहा दिवसांनी दोऱ्याने काढावे लागतात. हातापायांवरही बरेच आहेत. जवळच्या पार्लरमध्ये 'फुल बॉडी, सहा सिटिंग, कायमची सुटका' असं पॅकेज आहे, आगाऊ पैसे भरले तर सूट देतात. आई म्हणते लेझरने कॅन्सर होतो, मूल व्हायला अडचण येते. जाण्याआधी काय माहीत असायला हवं?

वयाने माझ्या मुलीएवढी असशील, म्हणून अगं-तूगं करते. रत्नागिरीत त्वचारोगाचा दवाखाना चालवते, गेली अठरा वर्षं लेझरही करते. सगळ्यात आधी एक: आगाऊ पैसे भरू नकोस. आज जी सूट आहे ती पुढच्या महिन्यातही असते. बाकीचं सावकाश वाचलंस तरी चालेल.

तू हातपाय आणि हनुवटी एका दमात लिहिलीस. माझ्या लेखी ती दोन वेगळी प्रकरणं आहेत. हातापायांवर केस असणं बहुतेक वेळा घराण्यातून आलेलं असतं. आईचे, आत्याचे हात आठव. पण हनुवटी, गळा, ओठाच्या वर, छातीच्या मधोमध, बेंबीखाली जाड काळे केस येतात तेव्हा तिथल्या मुळांना पुरुषी हार्मोन जागं करत असतो, किंवा हार्मोन नेहमीएवढाच असून मुळं त्याला जास्त दाद देत असतात. ते न तपासता लेझर सुरू केलं की मजा अशी होते: एका बाजूने आम्ही केस कमी करतो आणि दुसऱ्या बाजूने, कालपर्यंत जिथे नुसती लव होती तिथे हार्मोन नवे जाड केस उभे करतो. मग बाई म्हणते, डॉक्टर, लेझर चाललं नाही. लेझर चाललेलं असतं, केस नवे असतात.

म्हणून तू माझ्याकडे आलीस तर पहिल्या भेटीत मी लेझरला हात लावणार नाही. आधी विचारेन की पाळी दर महिन्याला येते की दोन-तीन महिने चुकते. गेल्या दोन वर्षांत वजन वाढलं का? पिंपल्स हनुवटी-जबड्याच्या कडेला येतात का? डोक्यावरचा भांग रुंद झालाय का? मान आणि काखा मखमलीसारख्या जाड, काळपट झाल्यात का? यातल्या दोन-तीन गोष्टींना 'हो' असेल तर पीसीओडीचा, म्हणजे बीजांडकोशाशी निगडित हार्मोनच्या बिघाडाचा, संशय येतो. मग पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सकाळी रक्त द्यायचं: टेस्टोस्टेरॉन, थायरॉईड, प्रोलॅक्टिन, साखर, आणि डॉक्टरांना गरज वाटली तर आणखी एक-दोन तपासण्या. सोनोग्राफी. सगळ्यांना सगळं लागत नाही. पण केस अचानक, काही महिन्यांतच झपाट्याने वाढले असतील, आवाज घोगरा झाला असेल, पाळी पूर्ण थांबली असेल, तर लेझर, लग्न सगळं बाजूला ठेवून आधी तपासणी. क्वचित असं बीजांडकोशाच्या किंवा किडनीवरच्या ग्रंथीच्या गाठीमुळे होतं.

मान काळी होण्याबद्दल इथेच सांगून टाकते, कारण आमच्याकडे ती आंघोळीच्या वेळी घासायची गोष्ट समजली जाते. तो मळ नसतो. शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही, त्याची ती खूण असते. अशा काळ्या काखेवर नेहमीच्या ताकदीने लेझर मारलं तर भाजतं. कितीही घासलं तरी जात नाही म्हणून लेझरला येणाऱ्या काखा मी आधी फिजिशियनकडे पाठवते.

आणखी एक प्रश्न मी सगळ्यांना विचारते आणि त्याचं खरं उत्तर दुसऱ्यांदा विचारल्यावर मिळतं: तोंडाला काय लावतेस? 'काही नाही हो, साधी क्रीम.' ती साधी क्रीम पर्समधून बाहेर काढायला लावली की निघते मेडिकलवाल्याने डागांवर दिलेली, स्टेरॉइड मिसळलेली ट्यूब. महिनोन्‌महिने ती लावली की चेहरा आधी उजळतो, मग लाल होतो, उन्हात जळजळतो, पुरळ येतं आणि गालांवर केस वाढतात. म्हणजे ज्या केसांसाठी लेझर करायला आली, ते त्या ट्यूबनेच आणलेले. अशा चेहऱ्याला आधी क्रीम सोडवायची असते, आणि तीही डॉक्टरच्या देखरेखीखाली, कारण एकदम थांबवली की चेहरा भडकतो.

आता लेझर करतं काय ते बघू. वैशाखात भर दुपारी सड्यावरून अनवाणी चालून बघ. काळ्या कातळाने तळवे पोळतात आणि शेजारीच देवळाच्या पांढऱ्या फरशीवर पाय टेकवता येतो. ऊन तेच, पण काळा रंग उष्णता पितो. लेझरचा प्रकाशही केसातला काळा रंग शोधतो, तिथे उष्णता होते आणि केसाच्या मुळाशी असलेल्या, नवा केस घडवणाऱ्या पेशी भाजून निकामी होतात. ठरावीक रंगाला ठरावीक प्रकाश, तोही क्षणाच्या काही हजाराव्या भागापुरता, म्हणजे आजूबाजूला झळ लागायच्या आत काम संपवायचं, हे तत्त्व अँडरसन आणि पॅरिश या दोघांनी १९८३ साली मांडलं. आजची सगळी यंत्रं त्यावरच चालतात.

अडचण अशी की काळा रंग फक्त केसात नसतो, कातडीतही असतो. गोऱ्या माणसाच्या पायावरचा काळा केस म्हणजे चुन्याच्या भिंतीवरची कोळशाची रेघ. आपल्या कोकणी सावळ्या कातडीत लेझरला केस आणि कातडी यांच्यात फरक करायला कमी वाव असतो. त्वचेचे सहा प्रकार करतात त्यात आपण बहुतेक जण चौथ्या-पाचव्यात बसतो. म्हणून आपल्याला कुठला लेझर, हा प्रश्न मुंबईच्या जाहिरातीतल्या गोऱ्या मॉडेलपेक्षा जास्त महत्त्वाचा आहे. अलेक्झांड्राइट नावाचा लेझर ७५५ नॅनोमीटरचा (नॅनोमीटर हे प्रकाशाच्या लहरीच्या लांबीचं माप), तो गोऱ्या त्वचेवर उत्तम, सावळ्यावर जपून. डायोड साधारण ८१० चा, आमच्याकडे सर्वांत जास्त चालणारा, जाणत्या हातात चांगला. एनडी-याग १०६४ चा. त्याचा प्रकाश खोल जातो आणि वरच्या कातडीतला रंग त्याला कमी दिसतो, त्यामुळे गडद त्वचेला तो सगळ्यात सुरक्षित. दुखतो मात्र जरा जास्त, आणि बारीक केसांवर त्याची ताकद कमी पडते.

आणि आयपीएल म्हणजे लेझर नव्हे. तो अनेक लहरलांबींचा मिसळलेला, फिल्टरमधून गाळलेला झगझगाट असतो. बोर्डावर 'लेझर' लिहून आत आयपीएल ठेवणारे मी पाहिलेत. मशीनचं नाव आणि किती नॅनोमीटर, एवढं विचार. ज्याला सांगता येत नाही त्याच्याकडून उठून ये. घरी वापरायची छोटी यंत्रं ऑनलाइन मिळतात तीही बहुतेक आयपीएलच असतात. त्यांची ताकद कमी आणि चांगल्या यंत्रात त्वचेचा रंग बघणारा सेन्सर असतो, तो आपल्यासारख्यांना पाहून बरेचदा चालूच होत नाही. नाही झालं तर यंत्र बिघडलंय असं समजू नकोस.

आता आपल्या इथलं खास. पुस्तकात लिहिलेलं असतं: लेझरच्या आधी दोन ते चार आठवडे आणि नंतरही ऊन टाळा. वाचायला सोपं. देवगडला माघापासून वैशाखापर्यंत ज्याच्या घरी कलमं आहेत त्याने हे कसं पाळायचं? बँकेत असलीस तरी शनिवार-रविवारी तू बागेत, पेट्या भरायला असणारच. ऊन लागलं की कातडीत रंग वाढतो, तो डोळ्याला दिसतो त्याहून जास्त असतो, आणि त्याच जागेवर मागच्याच ताकदीने लेझर मारलं की भाजतं.

त्यात आंब्याचा चीक. देठाजवळून उडालेला थेंब गालावर, ओठाच्या कडेला पडला की आधी लाल होतं, मग सालपट निघतं आणि काळा डाग महिनाभर तरी राहतो. काजूच्या टरफलाचं तेल तर याच्या वरताण, बोटांची कातडी सोलवटून काढतं. आंबा आणि काजू एकाच कुळातले, दोघांचा चीक कातडीला बाधणारा. असा डाग असताना त्यावर लेझर करायचं नाही, डाग फिका होईपर्यंत थांबायचं. एका वर्षी मे महिन्यात राजापूरकडची एक मुलगी दोन्ही पोटऱ्यांवर काळ्या चौकोनांच्या रांगा घेऊन आली, जाळीवर भाजलेल्या पापडासारख्या. कुठल्याशा सेंटरला ठरलेली तारीख चुकू नये म्हणून ती बागेतून थेट तिथे गेली होती आणि तिला कुणी 'उन्हात होतीस का' एवढंही विचारलं नव्हतं. ते चौकोन फिके व्हायला वर्ष गेलं. लेझरच्या हँडपीसचा, म्हणजे कातडीवर टेकवतात त्या मुठीचा, जो आकार, तोच आकार कातडीवर उमटतो, त्यामुळे चूक कोणाची हे लपत नाही.

म्हणून माझा हिशोब असा: आमच्याकडे लेझर मृगात सुरू करावं. आषाढ-श्रावणात ऊन नाही, अंगभर कपडे असतात, बागेचं काम कमी. लोक उलटं करतात. मे महिन्यात लग्नाला जाऊन येतात, तिथे कुणीतरी काहीतरी बोलतं आणि त्याच उन्हात भाजून निघालेल्या हातांनी लेझरला येतात.

पण पावसाळ्यालाही त्याची खोड आहेच. ओले कपडे, दमट हवा, त्यामुळे जांघेत, काखेत नायटा. गेल्या काही वर्षांत तो असा चिवट झालाय की घरातली सगळी माणसं एकमेकांना देत बसतात. नायट्यावर वस्तरा फिरवला की तो पसरतो आणि वरून लेझर म्हणजे आगीत तेल. गोल, कडेने लालसर, खाजणारा चट्टा असेल तर आधी तो दाखव. तिथेही मेडिकलमधली 'सगळ्यावर चालणारी' ट्यूब लावू नकोस.

ढगाळ दिवसांत सनस्क्रीन लागत नाही हा समजही सोडून दे. ढगांतून बरीच किरणं खाली येतात. तोंड आणि गळ्याला मिळून दोन बोटांच्या लांबीएवढी क्रीम, घामाने धुपली की पुन्हा. छत्री आणि ओढणी मात्र कुठल्याही सनस्क्रीनपेक्षा भरवशाची.

कोण करतंय आणि कुठे करतंय, यावर मी जरा कठोर आहे. पार्लरवाल्या बायका हाताच्या हुशार असतात, त्यांच्याबद्दल माझ्या मनात आकस नाही. माझ्या भुवया मी त्यांच्याकडूनच करून घेते. पण कातडीचा रंग बघून किती ज्यूल (प्रकाशाची ताकद), किती लांब पल्स (एका झोताचा वेळ), हे ठरवणं आणि भाजलं तर पुढच्या दहा मिनिटांत काय करायचं, हे शिकायला वर्षं जातात. जागेवर त्वचारोगाचं शिक्षण घेतलेला डॉक्टर हवा, महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलमध्ये नोंदणी असलेला. हँडपीस प्रशिक्षित मुलीच्या हातात असला तरी चालेल, माझ्याकडेही बरेचदा असतो, पण सेटिंग डॉक्टरने ठरवलेलं हवं आणि डॉक्टर त्या वेळी इमारतीत हवा, 'फोनवर आहेत' नको.

काही गावांत 'रविवारी मशीन येणार' असे बोर्ड लागतात. गाडीच्या डिकीतून घाट उतरून आलेलं यंत्र, दिवसभरात तीसेक बायका, संध्याकाळी परत. त्या यंत्राची काच कुणी पुसली, ताकद कुणी तपासली, सोमवारी फोड आला तर दाखवायचं कुणाला? तुझ्या पॅकेजचं यंत्र कायम तिथे असतं का, हे विचारून बघ.

समुद्राकाठची हवा यंत्रालाही सोसत नाही. हँडपीसचं टोक गार असतं, तेच कातडीला जपतं. एसी बंद असला की आपल्या दमट हवेत त्या गार काचेवर दव धरतं. जळालेल्या केसांची काजळी तिच्यावर चिकटते. ती दर थोड्या वेळाने पुसली नाही तर काजळीच तापून कातडीला चटका देते. आणि लाइट. वादळवाऱ्यात आमच्याकडे लाइट किती वेळा जाते ते तुला सांगायला नको. व्होल्टेज खाली-वर होतंय, इन्व्हर्टर नाही, खोलीत नुसता पंखा, तर त्या दिवशी नको म्हणून घरी जा. मी स्वतः बायकांना असं परत पाठवलंय, लांजा-राजापूरहून एसटीने आलेल्यांनाही. त्या चिडतात. चिडू देत.

सिटिंगच्या दिवशी काय होतं? चार आठवडे आधीपासून दोरा, वॅक्स, चिमटा बंद, कारण केस मुळासकट उपटला तर लेझरने शोधायचं काय? वस्तरा चालतो. मुली इथे दचकतात: तोंडाला वस्तरा? मग दाढीच येईल! नाही येत. वस्तरा केस कातडीच्या वर कापतो, मुळाला त्याचा पत्ताही नसतो. कापलेलं टोक बोथट असतं म्हणून खरखरीत लागतं, एवढंच. आदल्या दिवशी साफ करून यायचं. तेल, पावडर, सनस्क्रीन, हळद, काजळ काही नको. टिकली काढायची.

आधी टेस्ट पॅच. मी जबड्याच्या खाली, कानाजवळ पाच-सहा शॉट देते आणि घड्याळ बघत बसते. शॉटला आवाज येतो टक्‌ आणि खोलीत चुलीवर कोंबडी भाजताना येतो तसा वास. कातडीला रबरबँड सुटल्यासारखं चटकतं. पाच-दहा मिनिटांनी प्रत्येक केसाच्या तोंडाशी मोहरीएवढा फुगवटा आणि भोवती लाली दिसायला हवी, अंगावर काटा आल्यासारखी. तेवढंच हवं. सलग राखाडी किंवा पांढरट छटा आली, किंवा कातडी सुरकुतली, तर ताकद जास्त झाली. काहीच दिसलं नाही तर कमी. मग तुला घरी पाठवते आणि दोन दिवसांनी बघते, कारण आपल्या कातडीवर चटक्याचा काळसरपणा लगेच दिसत नाही. 'आलीच आहेस तर आजच पूर्ण करू' म्हणणाऱ्याला तुझा वेळ वाचवायचा नसतो, त्याचा दिवस भरायचा असतो.

डोळ्यांवर घट्ट बसणारा गॉगल हवाच, तुझ्या आणि करणाऱ्याच्याही. भुवयांच्या खाली, पापणीजवळ लेझर कुणी करतो म्हटलं तर करू द्यायचं नाही. हा प्रकाश डोळ्याच्या पडद्यापर्यंत जातो. तीळ झाकून घ्यायचे. गोंदण असेल तर त्यावर कधीच नाही. मेंदी हातावर असताना तिथे नाही. एका आजीबाईंच्या कपाळावर गोंदलेली तुळस होती आणि नातीने त्यांना हौसेने आणलं होतं. त्यांच्या हनुवटीवरचे केस पांढरे, म्हणजे लेझरला आंधळे. पांढऱ्या, करड्या केसांना लेझर काही करत नाही, तिथे सुईने एकेक मूळ जाळायची इलेक्ट्रोलिसिसची पद्धत आहे, १८७५ पासून चालत आलेली. वेळखाऊ, पण पांढऱ्या केसांवरही लागू पडणारी. आजीबाईंना मी छोटी कात्री दिली. त्या खूश होत्या.

सुन्न करायचं क्रीम अख्ख्या पायांना लावून वर प्लास्टिक गुंडाळून ठेवायचं नाही. मोठ्या भागावरून ते औषध रक्तात शिरतं आणि हृदय-मेंदूला त्रास होतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००७ मध्ये यावर जाहीर इशारा दिला होता. ओठाच्या वर वाटाण्याएवढं, ठीक.

संध्याकाळी बर्फाचं फडकं, दोन-तीन दिवस गरम पाणी नाही, घाम येईल असं काम नाही, उटणं-स्क्रब नाही. साध्या पाण्याने धुवायचं. दहा-पंधरा दिवसांनी केस वर येताना दिसतील आणि तू मला फोन करशील की परत उगवले. ते उगवत नाहीत, जळालेले बाहेर पडतात. टॉवेलने पुसताना गळतील. फोड आला, किंवा जळजळ दुसऱ्या दिवशीही तशीच असली, तर टूथपेस्ट-शाई न लावता त्याच दिवशी दाखव.

एकदा करून भागत का नाही, हे कलमवाल्याच्या मुलीला समजावणं सोपं आहे. बागेत सगळा मोहोर एका दिवशी येतो का? पहिला, मग दुसरा, काही फांद्या नुसत्या पालवीवर. तसे केसही पाळीपाळीने वाढतात, गळतात आणि विश्रांती घेतात. लेझर फक्त वाढीत असलेल्या केसाला लागतो. म्हणून तोंडाला चार ते सहा आठवड्यांनी, हातापायांना सहा ते दहा आठवड्यांनी, अशा सहा ते आठ खेपा. दर पंधरा दिवसांनी बोलावणारा तुझ्या केसांकडे नाही, स्वतःच्या वहीकडे बघतोय. आणि 'कायमची सुटका' हा शब्द कुणी वापरला तर समजून जा; शास्त्रात शब्द आहे 'कायमची घट'. केस कमी होतात, बारीक होतात, उशिरा येतात. तोंडाला हार्मोनची साथ असेल तर वर्षातून एक-दोनदा पुन्हा यावं लागतं.

माझ्या हातून झालेली एक चूक सांगते, कारण ती कुठल्या पॅकेजच्या कागदावर लिहिलेली नसते. सुरुवातीच्या काळात एक कॉलेजची मुलगी गालावरची बारीक लव काढायला आली. केस म्हणावेत असे ते नव्हतेच, उन्हात तिरकं बघितलं तर दिसणारी भुरी लव. ती हट्टाला पेटली, मी मान डोलावली. चार सिटिंगनंतर तिच्या जबड्याच्या कडेने, जिथे आधी काही नव्हतं, तिथे काळे जाड केस उगवले. असं होतं: बारीक लवेला अर्धवट ऊब मिळाली की ती मरण्याऐवजी जोम धरते. तोंड आणि मान यांवर, आपल्यासारख्या सावळ्या लोकांत आणि हार्मोनचा त्रास असणाऱ्यांत हे जास्त. ते निस्तरायला मला आणि तिला दोन वर्षं लागली, पैसे अर्थातच घेतले नाहीत. तेव्हापासून गालावरच्या लवेला मी लेझर लावत नाही. 'फुल फेस' या शब्दाला म्हणूनच माझा विरोध आहे. तुझी हनुवटी आणि गळ्याची बाजू, जिथे केस खरंच जाड आहेत, तेवढंच.

आईच्या दोन भीतींबद्दल. एक्स-रे किंवा उन्हातली अतिनील किरणं जशी पेशीच्या गाभ्याला धक्का लावतात तसा हा प्रकाश नाही. तो काही मिलिमीटरपलीकडे पोचत नाही. काखेतून स्तनापर्यंत किंवा ओटीपोटावरून गर्भाशयापर्यंत जायचा प्रश्नच येत नाही. मूल होण्यात अडचण आली तर ती केस आणणाऱ्या पीसीओडीमुळे येऊ शकते, लेझरमुळे नाही, आणि पीसीओडीवरही उपचार आहेत. आईला घेऊनच ये, मी तिच्याशी बोलते. गरोदरपणात मात्र आम्ही लेझर करत नाही. केसांसाठी ज्या हार्मोनच्या गोळ्या देतात त्यांतल्या काही गर्भाला चालत नाहीत आणि त्यांचा परिणाम दिसायला सहा महिने लागतात, तेव्हा लग्नानंतर लगेच मूल हवं असेल तर ते पहिल्याच भेटीत सांग. पिंपल्सच्या गोळ्या, जखमेवरची अँटिबायोटिक, ओठावर येणारे तापाचे फोड, उठून राहणारे व्रण, हेही सांग. विचारलं नाही तरी सांग.

आता तुझं वेळापत्रक. श्रावण चालू आहे. गणपतीआधी तपासण्या आणि टेस्ट पॅच. गणपती झाले की भाद्रपदाच्या अखेरीस हनुवटीची पहिली सिटिंग, मग दर महिना-सव्वा महिन्याने. फाल्गुनापर्यंत पाच-सहा होतात. हातपाय दिवाळीच्या आत एकदा, मग हिवाळ्यात दोनदा, आणि बागेचा हंगाम चढला की बंद. लग्नापर्यंत हातपाय पूर्ण होणार नाहीत. राहिलेल्यावर वस्तरा फिरव, लग्नाच्या फोटोत फरक दिसत नाही. हळदीच्या आधीच्या शेवटच्या चार आठवड्यांत लेझर नाही, नवीन फेशियल नाही, मैत्रिणीने सुचवलेली क्रीम नाही. पैसे दर सिटिंगला दे. तीन सिटिंगनंतर काहीच फरक नसेल तर थांबून पुन्हा विचार करायचा, आणि पॅकेज भरलेलं असलं की कुणी थांबत नाही.

माझ्याकडेच यायला हवं असं नाही. कणकवली-कुडाळला, कोल्हापूरला, गोव्यात चांगले त्वचारोगतज्ज्ञ आहेत आणि आठ महिने येण्या-जाण्याला जवळचा बरा. जिथे जाशील तिथे जुनी सोनोग्राफी असेल तर ती ने, तोंडाला लावतेस त्या सगळ्या ट्यूब पिशवीत घालून ने. आणि जायच्या आधी दोन आठवडे हनुवटीला दोरा लावू नकोस. केस किती, कुठे, कसे आहेत ते दिसल्याशिवाय डॉक्टरला काही सांगता येत नाही. बँकेत कुणी बघेल म्हणून तोंडाला मास्क लाव, एसटीत ओढणी घे. माझ्या वेटिंगमध्ये बसलेल्या निम्म्याजणी तशाच आलेल्या असतात.